पडद्यामागचा खोकला

पांढरीपांडे सरांना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. ऐकलं म्हणजे त्यांचा खोकला ऐकला. माझ्यासमोर खुर्चीवर एक बाई डोळे पुसत बसली होती, मी तिची समजूत घालत होते, आणि पाठीमागच्या निळ्या पडद्याआडून कोणीतरी खोकलं. कोरडा, छोटा, दारावर टिचकी मारल्यासारखा खोकला. मी वाक्य अर्धवट टाकलं. त्या खोकल्याची धास्ती पुढं वर्षभर माझ्याकडे मुक्कामाला होती.

ही गोष्ट एकसष्ट-बासष्ट सालची. यवतमाळच्या एका कॉलेजनं पदवीधरांसाठी वर्षभराचा एक नवा वर्ग काढला होता. ज्यांच्या मनानं धास्ती घेतली आहे, ज्यांना झोप लागत नाही, ज्यांच्या घरात अबोला आहे, अशा माणसांशी बोलून त्यांना आधार देणारे सल्लागार तयार करायचे, असा त्या वर्गाचा हेतू. मी उमरखेडची, बी. ए. झालेली, तिथल्याच मुलींच्या शाळेत शिकवणारी. शाळेनं रजा दिली, वडिलांनी ट्रंक उचलून यष्टीच्या टपावर ठेवली आणि बस सुटता सुटता म्हणाले, "वेड्यांत राहून तू तेवढी शहाणी राह्यजो, म्हणजे झालं." एवढा निरोप घेऊन मी आले.

वर्गाला जागा मिळाली ती कॉलेजच्या मागच्या अंगाला. पूर्वी तिथं सरकीचं गोदाम होतं. भिंतींना तेव्हाही सरकीचा वास होता आणि तुळयांवरून कापसाचे तंतू लोंबत होते. आम्ही सहा विद्यार्थी आणि शिकवणारे एकटे पांढरीपांडे सर. शिकवण्याची त्यांची रीत अशी, की गावातल्या कोणालातरी गळ घालून आणायचं, समोर बसवायचं आणि त्याच्या मनातलं त्याला बोलू द्यायचं. पडद्यामागं सर बसलेले आहेत हे त्याला आधी सांगायचं. मग सर ऐकत राहायचे, आणि आपलं चुकलं की खोकायचे.

त्या खोकल्याचं शास्त्र आठवड्याभरात आम्हाला तोंडपाठ झालं. एकदा खोकले, म्हणजे तुम्ही सल्ला दिलात. लागोपाठ दोनदा खोकले, म्हणजे 'सगळं ठीक होईल' अशी खोटी समजूत घातलीत. आणि घसा खाकरत लांबवर ओढलेला खोकला आला, म्हणजे सगळ्यांत मोठा गुन्हा. समोरचा स्वतःचं दुःख सांगत असताना तुम्ही 'आमच्या मावशीचंही अस्संच झालं हो' म्हणून आपली कहाणी लावलीत.

वर्ग सल्लागारांचा आणि सल्ला द्यायला बंदी! न्हाव्याला दुकान काढून द्यायचं आणि कात्रीला हात लावू नको म्हणायचं, त्यातला प्रकार. पण सर तिथं तसूभर हलायला तयार नसत. "त्याचं त्याला काढू द्या," हे त्यांचं पालुपद. "तुमचं तुमच्याजवळ ठेवा, त्याचं त्याला काढू द्या." नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात त्यांनी बरीच वर्षं काढली होती. तिथं येणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे काही ना काही शिकवून जात, आणि ऐकून घ्यायला मात्र कोणाला वेळ नसे, असं ते सांगत. सांगताना त्यांचा आवाज खाली जाई.

दिसायला सर म्हणजे हँगरला अडकवलेला शर्ट. गळ्यापर्यंत बटणं, बारोमास काखेत छत्री, आणि बोलणाऱ्याकडे मान किंचित कलती करून पाहायची सवय. वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न केलेलं नाही. तुम्ही काहीही सांगा, ते म्हणत, "हं. मग?" त्या 'मग'मध्ये काय होतं कोणास ठाऊक, पण माणूस बोलू लागे. कॉलेजचा हेडक्लार्क त्यांना पाहिलं की रस्ता बदलायचा. एकदा पगाराचं काहीतरी विचारायला सर त्याच्या टेबलाशी गेले आणि "हं. मग?" म्हणाले, तर हा गडी सासऱ्याशी असलेलं सगळं वैर अर्धा तास ओकून मोकळा झाला. तेव्हापासून त्यानं धसका घेतला होता.

गावातल्या लोकांची पंचाईत वेगळी. एकदा मी कापसाचे एक अडते आणून बसवले. थोरल्या मुलाशी पटत नाही, असं त्यांचं दुखणं. मी आपली शिकवल्याप्रमाणं विचारत होते, "तुम्हाला काय वाटतं?" चौथ्यांदा विचारलं तेव्हा ते ताडकन उठले.

"हे पाहा बाई, मी दुकान बंद करून आलो. अन तुम्ही मलेच विचारून राह्यल्या, तुमाले काय वाटते म्हणून. मले समजलं असतं तं मी इथं कायले आलो असतो?"

मी घाबरून पडद्याकडे पाहिलं. पडदा गप्प होता. याचा अर्थ माझं बरोबर होतं आणि अडते उपाशी परत चालले होते.

सरांचा हा खोकला वर्गापुरता राहिला असता तरी चाललं असतं. पण तो अंगवळणी पडलेला. त्याच हेडक्लार्कच्या मुलीचं लग्न होतं. पाठवणीच्या वेळी आत्या, मावश्या, काकू पोरीला घेरून एकेक शिकवण देत होत्या. सासूच्या आधी उठत जा, उलटून बोलू नको, माहेरचं कौतुक सांगू नको. आणि प्रत्येक शिकवणीला मांडवाच्या खांबाशी उभे असलेले पांढरीपांडे सर खोकत होते. शेवटी नवरदेवाच्या काकांनी त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवली. नवरी मात्र वडिलांचा डबा घेऊन कॉलेजात येत असे, तिला त्या खोकल्याचा अर्थ माहीत होता. ती भर रडण्यात फिसकन हसली.

आमच्या वर्गात रशीद म्हणून एक होता. त्याच्या वडिलांचं बसस्टँडजवळ सायकलींचं दुकान, आणि हा त्यांच्या घरातला पहिला बी. ए. नकला करण्यात पटाईत. चहाच्या हॉटेलात तो पाठीमागून सरांसारखा खोकायचा आणि आम्ही सगळे बोलता बोलता ताठ व्हायचो. मग तोच हसायचा. "कुमुदताई, तुम्ही तं पार पांढऱ्या पडल्या!" म्हणायचा.

मी पांढरी पडत होते हे खरं. त्याचं कारण मी रशीदला सांगितलं नव्हतं.

उमरखेडला आमच्या घरात माझी आत्या होती. मी लहान असताना तिला क्षय झाला. तिची खोली पडवीच्या टोकाला, मध्ये कुडाची भिंत. त्या भिंतीपलीकडून येणारा खोकला ऐकत माझं बालपण गेलं. सुरुवातीला तो वरवरचा, घशातला होता. मग तो खाली खाली उतरत गेला, तळाला लागला आणि एक दिवस कायमचा थांबला. घरात त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. सल्ले मात्र येईल तो देऊन जाई. शेळीचं दूध पाजा, अडुळसा द्या, शेतात झोपडी बांधून ठेवा. तिला दवाखान्यात घेऊन मात्र कोणी गेलं नाही. तेव्हापासून भिंतीआडचा खोकला म्हटला की माझे हातपाय गार पडतात. आणि नशिबानं मला गुरू दिले तेही पडद्याआडून खोकणारे.

पोळा झाला, गणपती आले, आणि त्या सुमारास सरांचा खोकला बिघडला.

त्याची पहिली झळ रशीदला बसली. त्याच्यासमोर जवळच्या लोहारा गावचा एक माणूस बसला होता. धाकट्या भावाशी तो वर्षभर बोललेला नव्हता. रशीदच्या तोंडून निसटलं, "मग बोलून टाका ना भावाशी." पडद्यामागून खोकला. रशीद हडबडला. "म्हणजे, नका बोलू." पुन्हा खोकला. "म्हणजे बोलाही, पण मनात असलं तर." पुन्हा खोकला. "नसलं तर नका." खोकला थांबेचना. तो माणूस एकदा रशीदकडे आणि एकदा पडद्याकडे पाहून म्हणाला, "अबे, बोलू का नोको बोलू? तुमा दोघात आधी ठरवा ना!"

आम्ही पोट धरून हसलो. रशीद हसला नाही. संध्याकाळी हॉटेलात त्यानं चहा तसाच ठेवला आणि हळूच म्हणाला, "कुमुदताई, ही सबकवाली, चुका दाखवायची खांसी नाही वाटत मले. ही अलग हाय."

मला ते आधीच कळलं होतं. तो खोकला खाली उतरू लागला होता.

कोणी विचारलंच तर सर म्हणत, "सरकीची धूळ आहे हो. गोदामात बसवलं आहे आपल्याला, धूळ खावीच लागणार." आणि आम्ही मान हलवायचो. दुसऱ्याच्या मनातली भीती कशी ओळखावी, ती त्याला बोलून कशी दाखवू द्यावी, याचं शिक्षण घेणारे आम्ही सहा पदवीधर, आणि शिकवणारे ते. त्या खोलीतली सगळ्यांत मोठी भीती कोणती हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिच्याबद्दल एकही जण तोंड उघडत नव्हता. आमच्या पडवीत तरी काय वेगळं होतं!

त्याच दिवसांत सरांचा चक्रमपणा वाढला. त्यांनी घरून स्वतःचा कप आणायला सुरुवात केली. पांढरा कप, ओळखू यावा म्हणून कानाला लाल दोरा. चहा झाला की तो स्वतः नळावर जाऊन धुवायचे आणि फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकायचे. तोवर कोणाच्याही हातचं खाणारे, कोणाच्याही कपातलं पिणारे सर एकाएकी सोवळे झाले, म्हणून आम्ही त्यांना मागून 'सोवळेमहाराज' म्हणू लागलो. एकदा तो कप नवा दिसला. जुना काय झाला विचारलं, तर "फुटला" म्हणाले. नव्यालाही लाल दोरा होताच.

दिवाळीला ते दरवर्षी नागपूरला भावाकडे जात, असं तेच सांगत. पुतण्यांसाठी या खेपेला फटाके कुठले घ्यायचे याची चर्चा पावसाळ्यातच वर्गात झाली होती. त्या वर्षी गेले नाहीत. "कंटाळा आला," म्हणाले. भावाचा राग आला असणार, असा आम्ही निष्कर्ष काढला. मनाचे अभ्यासक ना आम्ही!

दिवाळीनंतर त्यांनी पडद्याची जागाच बदलली. आधी तो खोलीच्या कोपऱ्यात होता. तो काढून त्यांनी मागच्या दाराला लावला आणि खुर्ची दाराबाहेर, व्हरांड्यात टाकली. पौष-माघाची थंडी, हुडहुडी भरवणारा वारा, आणि हा माणूस मफलर गुंडाळून बाहेर बसतो. आत या म्हटलं की म्हणायचे, "इथून नीट ऐकू येतं." वर्गात शिकवतानासुद्धा ते आता उंबरठ्याच्या पलीकडेच उभे राहत. आम्हाला वाटलं, आमच्या चुकांना कंटाळून सर आमच्यापासून दूर दूर सरकत आहेत. मला तर खात्री होती की मी नापास होणार.

परीक्षेला नागपूरहून परीक्षक यायचे होते. त्याआधी प्रत्येकानं ठरलेल्या मुलाखती पुऱ्या करायच्या. माझी शेवटची एक राहिली होती आणि गावात माणूस मिळेना. इथं नुसतं ऐकून घेतात, सांगत काहीच नाहीत, ही आमची कीर्ती तोवर बाजारात पसरली होती. अशात एका दुपारी एक बाई आपणहून दारात आली. पन्नाशीची, कपाळ मोकळं, नऊवारी नेसलेली, हातात पिशवी. नाव गिरजाबाई.

"तुमी लोकाचं ऐकून घेता म्हनं," ती म्हणाली. "मले एक सांगाचं हाय."

मी देव पावल्यासारखी तिला खुर्चीवर बसवलं. नियमाप्रमाणं सांगितलं, की त्या पडद्यामागं आमचे सर आहेत, त्यांनाही ऐकू जाईल. तिनं पडद्याकडे एकदा पाहिलं. "असू द्या," म्हणाली, आणि पदर खांद्यावर नीट घेऊन बसली.

"माह्या घरी एक भाडेकरू हाय. एकटाच हाय. माणूस लाखाचा. कधी आवाज नाही, कधी वाकडं बोलनं नाही. माहा नातू हाय, दीड वर्साचा. त्याले तो रोज संध्याकाळी कडेवर घ्याचा, छत्री उघडून दाखवाचा. पोट्टं इतकं हसे, इतकं हसे! पोळ्यापासून त्यानं लेकराले हातच नाही लावला. लेकरू हात पसरून जाते त्याच्याकडे, अन तो मागं सरकते. हात पाठीमागं बांधून उभा राह्यते. मले आधी राग आला. म्हटलं, असं काय केलं माह्या नातवानं?"

छत्री म्हटल्यावर माझे कान टवकारले गेले होते. पण यवतमाळात छत्र्या काय थोड्या होत्या? मी म्हटलं, "हं. मग?"

"मग एक दिवस माह्या सुनेनं चुकून त्याच्या कपात चहा घेतला. लाल दोरा बांधला राह्यते त्याच्या कपाले. त्यानं पाह्यलं, अन बाई, आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस, धावत आला. तिच्या हातातून कप हिसकला, अंगनात नेऊन फोडला. सून थरथर कापून राह्यली होती, अन तिच्यापेक्षा तो जास्त कापून राह्यला होता. पानी घेऊन आला, म्हने चूळ भर, आणखी भर. ह्याच्या डोळ्यात पानी."

मागं वळून पडद्याकडे पाहायची माझी छाती झाली नाही. लाल दोऱ्याचा कप मला समोर दिसत होता. फुटलेला जुना आणि त्याच्या जागी आलेला नवा. सोवळेमहाराज! न गेलेली दिवाळी, कोपऱ्यातून दाराबाहेर गेलेला पडदा, थंडीतली ती खुर्ची, उंबरठ्याच्या पलीकडे उभं राहून दिलेली व्याख्यानं. तो माणूस आम्हाला कंटाळला नव्हता. तो आपला खोकला आमच्यापासून लांब नेत होता.

"खोकलते तो," गिरजाबाई म्हणाली. "मी ऐकतो, सून ऐकते, लेक ऐकते. कोनी काही म्हनत नाही. मले सांगा बाई, मी त्याले खोली खाली कर म्हनू का राह्य म्हनू? घरात लेकरू हाय."

आता सल्ल्याची पाळी आली. तिनं सरळ विचारलं होतं आणि उत्तराची वाट पाहत होती. खोली खाली करा म्हणू? राहू द्या म्हणू? ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस चार हातांवर बसून ऐकत होता. वर्षभर शिकलेलं तेवढंच हाताशी होतं, सांगायचं नाही, विचारायचं.

"तुम्हाला त्याची भीती वाटते?" मी विचारलं.

गिरजाबाईनं बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा केला.

"त्याचं भेव नाही वाटत," ती शेवटी म्हणाली. "त्याच्यासाठी वाटते. मी एक शब्द बोलली ना, की तो वळकटी उचलून निघून जाईल. तसाच माणूस हाय. कुठं जाईल? त्याले इथं हाय कोन? एखाद्या धर्मशाळेत पडून राहीन, अन कोनाले खबरही नाही लागन. म्हनून मी बोलत नाही. अन तोही बोलत नाही. रोज त्याच्या दाराशी भाकरी ठेवतो अन येतो. आता दवाई निघाली हाय म्हनते ह्या रोगावर, सुया निघाल्या. माह्या लेकानं सांगितलं. मंग हा माणूस जात काहून नाही दवाखान्यात? खोली मी कोनाले देनार नाही. त्याचीच हाय ती. फक्त त्यानं जावं."

ती रडली नाही. बोलून झालं तशी उठली आणि पिशवी उचलली. या सगळ्या वेळात पडद्यामागून एकदाही खोकला आला नव्हता. इतका वेळ ते कसे खोकले नाहीत, याचीच मला भीती वाटू लागली होती. दाराशी जाऊन ती वळली.

"पडद्यामागं कोन बसते ते मले ठाऊक नाही असं नोका समजू, बाई. म्हनून तं आली. तोंडावर बोलनं झालं नसतं माह्यानं." आणि पडद्याकडे न पाहता, पण पडद्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "संध्याकाळी ज्वारीची भाकर अन वांग्याची भाजी हाय. येतो मी."

ती अंगण ओलांडून गेली, आणि पडद्यामागं बांध फुटला. इतका वेळ कोंडून ठेवलेला तो खोकला होता. पडदा हलत होता. मी खुर्चीचे हात धरून बसले होते, डोळ्यांपुढं आमची पडवी आणि ती कुडाची भिंत. तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते आणि भिंतीपलीकडे जायची मला मनाई होती. आज मला कोणी मनाई केलेली नव्हती. तरी उठायला फार वेळ लागला.

मी पडदा बाजूला केला. सर खुर्चीत वाकून बसले होते, तोंडावर मफलर. मला पाहताच त्यांनी हात वर करून तिथंच थांब अशी खूण केली. मी उंबरठ्यावर थांबले.

"छान झाली मुलाखत," ते श्वास गोळा करत म्हणाले. "एकदाही सल्ला दिला नाहीत. त्या बाईचं तिला काढू दिलंत. पास झालात, कुमुदबाई."

ज्या शब्दांसाठी मी वर्षभर देव पाण्यात घालून बसले होते ते शब्द आले, आणि मला त्यांचं काही वाटलं नाही.

"सर," मी म्हटलं, "भीती वाटते?"

त्यांनी नेहमीसारखी मान कलती केली. जणू कोणी दुसराच बोलणार होता आणि ते ऐकणार होते. मी वाट पाहिली. त्यांनीच शिकवलं होतं तसं.

"छातीचा फोटो काढला की त्याला नाव पडतं हो," ते म्हणाले. "आत्ता नुसता खोकला आहे. नाव पडलं की वर्ग जाईल, खोली जाईल. माणसं अशी बसतात..." त्यांनी हातानं दूरची खूण केली. "इस्पितळात मी पाहिलं आहे. नाव पडलं की माणसाला मग कोणी त्याच्या नावानं हाक मारत नाही. रोज सकाळी कपडे करतो. छत्री घेतो. दवाखान्याच्या फाटकापर्यंत जातो आणि इकडं वळतो. मोठी भीती वाटते मला, कुमुदबाई."

आता शास्त्राप्रमाणं मी 'हं. मग?' म्हणायचं होतं. त्याऐवजी मी त्या दिवशी एकापाठोपाठ तिन्ही गुन्हे केले.

पहिल्यांदा मी माझी कहाणी लावली. आत्या, पडवी, कुडाची भिंत, सगळं सांगितलं. सगळ्यांनी सल्ले दिले आणि बरोबर कोणीच गेलं नाही, हेही सांगितलं. सांगताना मी रडले. घसा खाकरत ओढलेल्या त्या लांब खोकल्याची मी वाट पाहत होते. सर माझ्याकडे पाहत राहिले.

मग मी म्हटलं, "सगळं ठीक होईल सर. आता सुया निघाल्यात. लोक बरे होतात." ठीक होईल की नाही हे मला काय ठाऊक होतं? यावर दोनदा खोकायला हवं होतं त्यांनी. ते खोकले नाहीत.

आणि मग मी सरळ सल्ला दिला. "उद्या सकाळी आपण सरकारी दवाखान्यात जायचं. छातीचा फोटो काढायचा. मी येते बरोबर. रशीदच्या चुलत्याचा टांगा आहे, रशीद घेऊन येईल. फाटकाशी वळायचं नाही, सरळ आत जायचं."

सरांनी ओठ घट्ट मिटले. खोकला आला होता, मला तो दिसत होता. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, खांदे हलले, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मफलरचं टोक मुठीत आवळून त्यांनी तो आतल्या आत धरून ठेवला. मी उंबरठा ओलांडून व्हरांड्यात आले. या वेळी त्यांनी थांब अशी खूण केली नाही.

मग त्यांनी श्वास सोडला आणि खुर्चीशेजारची छत्री उचलून मांडीवर घेतली.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.